मंगळवारची सुट्टी

शुक्रवारी रात्री कुठे जायचं, हे आपल्याला बरोब्बर माहीत असतं. कुठे टेबल मिळतं, कुठे जाम गर्दी असते, कुठला डीजे सॉलिड आहे... सगळं फोनमध्ये सेव्ह! पण मंगळवारी सकाळी साडेनऊ वाजता, ऑफिसला दांडी मारून, एका मित्राला घेऊन कुठे जायचं? हे मला कुणी तेव्हा विचारलं असतं, तर मी म्हटलं असतं, 'डेंटिस्टकडे?'

त्या मंगळवारी त्याचा फोन आला तेव्हा मी लोकलमध्ये होते. दादर यायचं होतं. 'अगं, आज सुट्टी टाकशील?' एवढंच म्हणाला. आवाज असा, की जणू तीन रात्री झोपलेला नाही. (नंतर कळलं, खरंच नव्हता झोपला.) मी म्हटलं, 'काय रे, ब्रेकअप?'

'नाही. मला थांबता येत नाहीये.'

काय थांबवता येत नाहीये, ते मी विचारलं नाही. कारण मला माहीत होतं. चांगली दोन वर्षं माहीत होतं. आणि या पानावर मी तुमच्याशी नेहमी खरं बोलते, म्हणून हेही सांगून टाकते, की त्या दोन वर्षांत मी काहीही केलं नव्हतं.

कोक, पण बाटलीतलं नाही

तो म्हणजे आपल्यातलाच एक. नाव सांगत नाही. (लिहायची परवानगी त्यानेच दिलीये, आणि छापायच्या आधी त्याला वाचूनही दाखवलंय.) गाव सांगली. कॉलेजात माझ्याच वर्गात होता, माझ्या डब्यातली भाजी माझ्याआधी संपवायचा. मग मुंबई, ॲड एजन्सी, तिशीच्या आत मोठं पद, अंधेरीत वन बीएचके, गाडीचा हप्ता. ज्याचे फोटो आई शेजारणींना बोलावून बोलावून दाखवते, तसला मुलगा.

पहिली लाइन फुकट मिळाली. एका शूटनंतरच्या पार्टीत. 'करून तर बघ, दारूपेक्षा क्लीन आहे, सकाळी डोकंसुद्धा धरत नाही.' मग महिन्यातून एकदा. मग दर वीकेंडला. मग क्लायंटसमोर प्रेझेंटेशन असलं की आदल्या रात्री. आणि मग एका बुधवारी, काहीच कारण नसताना.

यातली गंमत (गंमत कसली, डोंबल!) अशी, की कुणालाच काही दिसत नव्हतं. दारुडा कसा दिसतो, आपल्याला ठाऊक असतं. गर्दुल्ले तर स्टेशनच्या पुलाखाली आपण रोज बघतो आणि नजर वळवतो. पण कोकेनवाला? तो इस्त्रीच्या शर्टात असतो. मीटिंगला वेळेवर येतो, सगळ्यांपेक्षा जास्त बोलतो, सगळ्यांपेक्षा जास्त आयडिया देतो. बॉस खूश. याचं प्रमोशन त्याच वर्षी झालं, आता बोला!

मला मात्र दिसत होतं. दर महिन्याच्या वीस तारखेला मेसेज, 'पाच हजार पाठव ना, सॅलरी झाली की देतो.' सतत वाहणारं नाक, 'एसीची ॲलर्जी आहे गं.' एका जेवणात पाच वेळा बाथरूम. आणि सोमवार-मंगळवारी फोन न उचलणं. मी पैसे पाठवत राहिले. सांगलीहून त्याच्या ताईचा फोन यायचा, 'अगं, हा फोन का उचलत नाही?' मी म्हणायचे, 'ताई, कामात असेल हो, मोठं प्रेझेंटेशन आहे त्याचं.' हे वाक्य मी तीनदा तरी म्हटलंय. मला वाटायचं, मी मैत्री निभावतेय. प्रत्यक्षात मी त्याच्यासाठी पडदा धरून उभी होते.

मेंदूचा हप्ता

डॉक्टरांनी पुढे जे समजावलं, ते सोप्या भाषेत सांगते. काही छान घडलं, की मेंदूत डोपामिन नावाचं रसायन सुटतं आणि काम झालं की ते परत आत ओढलं जातं. कोकेन ही परतीची वाट अडवून बसतं. डोपामिन तुंबतं आणि माणूस स्वतःला शाहरुख समजायला लागतो. नाकातून ओढलं तर हा खेळ अर्ध्या-पाऊण तासात आटोपतो. मग धपकन खाली. म्हणून दुसरी लाइन. मग तिसरी. उजाडेपर्यंत.

आणि मेंदू हे सुख फुकट देत नाही, हप्त्याने देतो. वसुली व्याजासकट. शनिवारच्या रात्रीचा हिशोब सोमवार-मंगळवारपर्यंत चालतो. अंगात त्राण नाही, चिडचिड, कशातच गोडी नाही. काहींच्या मनात तर जीव द्यायचे विचार येतात. दारू सुटताना हात थरथरतात, ब्राऊन शुगर सुटताना अंग मोडून येतं, ते बघणाऱ्याला दिसतं. कोकेनचं हे ढेपाळणं बाहेरून नुसतं 'मंडे ब्लूज'सारखं दिसतं. म्हणून आपण फसतो.

सोबत दारू घेतली तर लिव्हर या दोघांतून कोकाएथिलीन नावाचं तिसरंच रसायन बनवतं. ते शरीरात जास्त वेळ राहतं आणि हृदयाला जास्त त्रास देतं. 'मी फिट आहे, जिमला जातो' हा फंडा इथे चालत नाही. 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात कोकेन घेतल्यावरच्या पहिल्या तासात हार्ट अटॅकचा धोका 24 पट वाढल्याचं दिसलं होतं. तरुण, एरवी धडधाकट लोकांचीही यातून सुटका नाही.

शिवाय पुडीत नक्की काय आहे, ते कुणाला माहीत असतं? कोकेन म्हणून दुसरंच काही हातात पडतं. त्यात एमडी असू शकतं. एमडी म्हणजे मेफेड्रोन ऊर्फ म्याऊ म्याऊ, जे 2015 मध्ये आपल्याकडच्या अमली पदार्थांच्या कायद्यात आलं.

आणि हे काही नव्या जमान्याचं फॅड नाही हं! शंभर वर्षांपूर्वी मुंबई आणि कलकत्त्यात लोक कोकेन चक्क पानातून खायचे. ग्लॅमर नवं आहे, चटक जुनीच.

'गाडी पाठवतो, उचलून आणतो'

तर त्या मंगळवारी मी दादरला उतरले, पूल चढून वेस्टर्नला आले आणि उलट्या दिशेने अंधेरी पकडली. घरात सगळे पडदे ओढलेले. तो फरशीवर भिंतीला टेकून बसलेला. चहा करायला गेले तर दूध नासलेलं. कोरा चहा केला, त्याच्या हातात दिला आणि फोन काढला. मनात म्हटलं, आपण पत्रकार, अर्ध्या तासात सगळी माहिती काढू.

अर्धा तास? दोन तास गेले!

पहिला फोन एका खासगी केंद्राला. बागबगीचा, योगा, पूल, सिंगल रूम. महिन्याचा आकडा ऐकून मला वाटलं, हा माणूस मला गोव्यातला व्हिला विकतोय. दुसऱ्या ठिकाणचा माणूस म्हणाला, 'मॅडम, पेशंट तयार नसेल तर टेन्शन घेऊ नका. फक्त ॲड्रेस द्या, गाडी पाठवतो, रात्री उचलून आणतो.' मी विचारलं, तिथे डॉक्टर कोण आहेत? फोन कट. तिसरे काका भले वाटले. म्हणाले, 'आमच्याकडे दारूची मंडळी असतात हो. कोकेनचं आम्हाला नाही जमायचं, उगाच तुमचे पैसे जातील.' त्यांचे मी मनापासून आभार मानले.

मग आठवलं, ऑफिसचा हेल्थ इन्शुरन्स आहे ना! त्याची पॉलिसी उघडली. जे कव्हर होत नाही त्या यादीत एक ओळ होती: दारू, ड्रग्ज किंवा कुठल्याही व्यसनावरचे उपचार आणि त्याचे परिणाम. म्हणजे बघा, 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा दारू आणि ड्रग्जमुळे होणाऱ्या मानसिक अवस्थांना मानसिक आजारात धरतो. मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच विमा संरक्षण द्या, असंही तोच कायदा सांगतो. आणि पॉलिसीत मात्र ही ओळ ठाण मांडून बसलेली. तुमची पॉलिसी आज उघडून बघा. बऱ्याच पॉलिसींमध्ये ती सापडते.

हे सगळं चालू असताना तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होता. 'डॉक्टरकडे नको. ते पोलिसांना कळवतील. पेपरात नाव येईल. आई मरून जाईल.'

खरं कुलूप पैशाचं नव्हतं, हे होतं.

ज्या कलमाची बातमी होत नाही

टीव्हीवर ड्रग्जची बातमी म्हणजे काय? रेड पडली, अमुक कोटींचा माल पकडला, कोण तरी तोंड लपवत गाडीत बसलं. त्यातून आपण एवढंच शिकतो, की हे प्रकरण पोलिसांचं आहे. ते खोटंही नाही. 1985 च्या एनडीपीएस कायद्याच्या कलम 27 नुसार कोकेनचं नुसतं सेवन केलं तरी एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा 20 हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

पण त्याच कायद्यात आणखी एक कलम आहे. 64 ए. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणात ड्रग बाळगल्याचा (कोकेनसाठी ही मर्यादा 2 ग्रॅम आहे) आरोप असलेली व्यसनी व्यक्ती स्वतःहून, सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी व्यसनमुक्तीचे उपचार घेत असेल, तर तिला त्या गुन्ह्यासाठी खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. अट एक, उपचार पूर्ण करायचे. मध्येच सोडले तर हे कवच काढून घेता येतं. आणि विकणाऱ्यांसाठी ही पळवाट नाही. कलम 39 नुसार तर कोर्टसुद्धा अशा व्यसनी माणसाला शिक्षेऐवजी उपचारांसाठी सोडू शकतं.

आणि ज्याच्यावर कसलाच आरोप नाही, जो नुसता ओपीडीत जाऊन 'मला मदत हवीये' म्हणतो, त्याचं काय? त्याची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. 2017 च्या कायद्याने गोपनीयता हा पेशंटचा हक्कच केलाय. ओव्हरडोस होऊन इमर्जन्सीत नेलं तर हॉस्पिटल पोलिसांत नोंद करू शकतं. पण त्या वेळी आधी जीव, बाकी सगळं नंतर. वकिलाशी बोलावं लागलं तर नंतर बोलता येतं, जीव गेल्यावर कुणाशीच बोलता येत नाही.

त्याच कायद्याने 'उचलून आणतो'वाल्यांनाही चाप लावलाय. सज्ञान माणूस स्वतःच्या मर्जीने ॲडमिट होऊ शकतो आणि मागितला तर त्याला डिस्चार्जही मिळतो. डॉक्टरांना धोका वाटला तर ते तपासणीसाठी जास्तीत जास्त 24 तास थांबवू शकतात. माणूस निर्णय घ्यायच्याच स्थितीत नसेल, तर त्यासाठी वेगळी, कागदोपत्री पद्धत आहे. रात्री गाडीत कोंबणं ही ती पद्धत नव्हे.

हे सगळं मी त्याला मोबाइलवर वाचून दाखवलं. त्याने दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाला, 'चल.'

केसपेपर

आम्ही गेलो एका मोठ्या सरकारी हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात. केसपेपरला लागले ते पैसे वडापावच्या आसपास. रांगेत पुढे एक रिक्षावाले काका, दारू सोडायला आलेले. मागे एक आई, तिच्या पदराला धरून सतरा-अठरा वर्षांचा मुलगा. आणि मध्ये माझा मित्र, ब्रँडेड शूजमध्ये. तो बूट लपवायचा प्रयत्न करत होता, शप्पथ!

डॉक्टर आमच्याच वयाच्या होत्या. लेक्चर नाही, कपाळाला आठी नाही. 'शेवटचं कधी घेतलं? किती? सोबत दारू होती? छातीत दुखतं का?' ईसीजी काढला, बीपी बघितलं, लघवीची तपासणी लिहून दिली. मग पेन खाली ठेवून त्यांनी विचारलं, 'जीव द्यावासा वाटतो का?'

मी हसून म्हणणार होते, छे, हा कसला... तेवढ्यात तो म्हणाला, 'हो. रविवारी गच्चीवर गेलो होतो.'

मंडळी, त्या रविवारी मी त्याच्या फोटोला लाइक टाकला होता.

त्या खोलीत मला कळलं, की आपल्या ग्रुपमध्ये आपण एकमेकांना सगळं विचारतो. पगार, ब्रेकअप, कोण कुणाबरोबर. फक्त हा प्रश्न विचारत नाही. तो विचारायला अनोळखी बाई लागली आणि तिने तो सर्दी-तापाबद्दल विचारावं इतक्या साधेपणाने विचारला.

मग तो म्हणाला, 'डॉक्टर, गोळी द्या ना काहीतरी, ज्याने हे सुटेल.' डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. ब्राऊन शुगरवाल्यांसाठी ब्यूप्रेनॉर्फिनसारखं औषध आहे. कोकेनची ओढ घालवणारी, खास त्यासाठी मंजूर झालेली गोळी नाही. झोप, डिप्रेशन यासाठी गरज पडली तर औषधं देतात. पण खरा उपचार म्हणजे बोलणं आणि सवयी मोडणं. कुठल्या क्षणी ओढ लागते, कुठला मित्र, कुठला रस्ता, कुठलं गाणं, हे हुडकायचं आणि त्या क्षणी दुसरं काय करायचं ते आधी ठरवायचं. याला सीबीटी म्हणतात. परदेशात लघवीची तपासणी स्वच्छ आली की छोटंसं बक्षीस द्यायची पद्धत आहे. ऐकायला बालवाडीतल्या स्टारसारखं वाटतं, पण कोकेनच्या बाबतीत अभ्यासांमध्ये सगळ्यात चांगला निकाल दाखवणाऱ्या उपायांत तिचं नाव घेतलं जातं.

'दर आठवड्याला यायचं,' डॉक्टर म्हणाल्या. 'मंगळवारी सकाळी.'

तो माझ्याकडे बघायला लागला. 'दर मंगळवारी सुट्टी कशी टाकू?'

विचार करा. दोन वर्षं दर शुक्रवारी रात्र काढली, ते जमलं. मंगळवारचे तीन तास जमेनात! पण त्याचंही चूक नाही. सरकारी ओपीडी आपल्या ऑफिसच्याच वेळात चालते. हप्ता डोक्यावर असलेला माणूस पगार बुडवून रांगेत उभा राहात नाही. मग तो म्हणतो, पुढच्या महिन्यात बघू. तो पुढचा महिना म्हणजे गच्ची.

सांगलीच्या मुलाने सांगलीत काय करायचं?

2019 मध्ये केंद्र सरकारने देशभरातल्या व्यसनांचा मोठा सर्व्हे प्रसिद्ध केला. एम्सने केलेला. त्यात कोकेन घेणारे होते लोकसंख्येच्या 0.10 टक्के, म्हणजे साधारण 10 लाख 70 हजार. दारू पिणाऱ्यांच्या 14.6 टक्क्यांपुढे हा आकडा चिमुकला वाटतो. म्हणूनच आपली सगळी व्यवस्था दारू आणि गर्द डोळ्यांसमोर ठेवून उभी राहिली. पण त्याच सर्व्हेत आणखी एक आकडा आहे. दारूच्या आहारी गेलेल्या दर 38 जणांपैकी जेमतेम एकालाच कसला तरी उपचार मिळालाय. दारू उघड्यावर विकली जाते, तिच्याबद्दल घरात भांडणं होतात, तरी ही गत. मग जे बाथरूमची कडी लावून, सगळ्यांपासून लपवून केलं जातं, त्याचं काय होत असेल?

आपल्या राज्यात दारं नाहीत असं नाही. मुंबईत फादर जो परेरा यांनी 1981 मध्ये कृपा फाउंडेशन सुरू केलं. गर्दने पोरं पोखरायला लागली तेव्हा अनिल अवचटांनी त्यावर लिहिलं, आणि 1986 मध्ये डॉ. अनिता अवचट आणि त्यांनी पुण्यात येरवड्याला मुक्तांगण उभं केलं. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे त्यासाठी पाठीशी उभे राहिले. तिथला 35 दिवसांचा निवासी उपचार आजही अनेक घरांत नव्या जन्मासारखा सांगितला जातो. मुंबईत केईएम, नायर, सायन, जेजे, पुण्यात ससून अशा मोठ्या हॉस्पिटलांत मानसोपचार विभाग आहेत. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे सरकारची प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. 2023 च्या 15 ऑगस्टपासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या हॉस्पिटलांत, जिल्हा रुग्णालयांसकट, उपचार मोफत झाले.

पण नकाशावर बोट फिरवून बघा. मोठी नावं बहुतेक मुंबई-पुण्याभोवती. ताईने फोनवर विचारलं, 'त्याला घरी आणलं तर इथे कुणाला दाखवू?' मिरजेला सरकारी मेडिकल कॉलेज आहे, तिथे मानसोपचाराचे डॉक्टर आहेत, म्हणून आमची सोय होती. पण ताई लगेच म्हणाली, 'तिथे आमच्या ओळखीचं कुणीतरी असणारच गं.' मोठ्या शहरात वेळ मिळत नाही. लहान शहरात तोंड लपवता येत नाही.

मग काय झालं?

सिनेमात इथे गाणं सुरू होतं आणि गाणं संपेपर्यंत हिरो बरा होतो. आमच्याकडे तसं काही झालं नाही.

त्याने बॉसला फक्त 'मेडिकल ट्रीटमेंट चालू आहे, मंगळवारी दुपारी येईन' असं सांगितलं आणि हॉस्पिटलचं सर्टिफिकेट दिलं. कुठल्या विभागाचं, ते बॉसने विचारलं नाही. (सगळे बॉस असे नसतात, मला कल्पना आहे.) सात मंगळवार नीट गेले. आठव्या आठवड्यात क्लायंटची पार्टी आली आणि घसरला. मला सांगितलं नाही. मला कळलं ते वीस तारखेला. 'पाच हजार पाठव ना.'

या वेळी मी पाठवले नाहीत. ट्रेन पकडून गेले. भांडलो, मोठ्ठ्यांदा. मग मी त्याच्या देखत ताईला फोन लावला आणि म्हटलं, 'ताई, मी तुमच्याशी खोटं बोलले होते.' ताई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, 'मी उद्या निघते.'

घसरणं म्हणजे उपचार फुकट गेला असं नाही, डॉक्टर म्हणाल्या. बीपीची गोळी सुटली तर बीपी वाढतं, मग आपण गोळी परत सुरू करतो, तसंच हे. या वेळी तो पुण्यातल्या एका केंद्रात ॲडमिट झाला. सगळी साठलेली रजा वापरून, स्वतःच्या सहीने. फोनमधले 'ते' नंबर त्याने ताईच्या समोर उडवले. क्लायंट सर्व्हिसिंग सोडून कमी पगाराचं दुसरं काम घेतलं. गाडी विकली. आता शुक्रवारी संध्याकाळी तो नार्कोटिक्स ॲनॉनिमसच्या मीटिंगला जातो. तिथे फी नाही, पूर्ण नाव सांगावं लागत नाही आणि वेळ ऑफिस सुटल्यानंतरची असते. तिथलं सूत्र त्याला पटलंय, 'फक्त आजचा दिवस.'

अकरा महिने झालेत. 'बरा झाला' असं मी म्हणत नाही, तोही म्हणत नाही.

पाकिटात ठेवायची चिठ्ठी

हे कापून ठेवा. स्वतःसाठी नको असेल तर दुसऱ्यासाठी.

— 14446. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची टोल फ्री हेल्पलाइन. जवळचं केंद्र कुठलं, ते इथे विचारा.

— 14416. टेलिमानस. मन फार खाली गेलं, मरायचे विचार आले तर रात्री-अपरात्रीसुद्धा.

— छातीत दुखणं, फिट, भयंकर ताप, बेशुद्धी... 108. डॉक्टरांना काय घेतलं ते खरं खरं सांगा. लपवलेली एक गोष्ट जिवावर बेतू शकते.

— केंद्र निवडताना तीन प्रश्न: राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी आहे का? मानसोपचारतज्ज्ञ रोज येतात का? घरच्यांना भेटू देतात का? उत्तर देताना कुणी अडखळला, की फोन ठेवा.

— मित्राला उधार देऊ नका. त्याच्याबरोबर रांगेत उभे राहा. दुसरं जास्त महाग आहे, कारण त्यात रजा जाते.

परवा मंगळवार होता. त्याचा फोन आला, मी पुन्हा लोकलमध्येच. नाव बघून पोटात गोळा आला. अजून येतो. म्हटलं, 'काय रे, काय झालं?'

'काही नाही गं. आज ओपीडीत लवकर नंबर लागला. डबा आणलायस का? भाजी काय आहे?'

मी दादरला उतरले.